व्यायाम आणि मनाची उभारी

(नभोवाणीवरील भाषण)

व्यायामाविषयीं बोलावयाचें म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें तालीमखाना, लाल माती आणि पिळदार दंड उभे राहतात. आपल्या विदर्भाला तर या विद्येची मोठी परंपरा आहे. शेजारच्या अमरावतीस १९१४ सालीं स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें नांव ऐकलें नाहीं असें घर आपल्याकडे क्वचित् सांपडेल. तथापि व्यायाम शरीरासाठीं, आणि वाचन, भजन, सत्संग मनासाठीं, अशी एक वांटणी आपण करून ठेविली आहे. शाळेच्या वेळापत्रकांतही ती होतीच. गणिताचा अभ्यास मागें पडला कीं कवायतीचा तास आम्ही शिक्षक बेधडक उचलीत असूं, आणि त्यांत मुलांचें कांहीं बुडालें असें आम्हांला कधीं वाटलें नाहीं. ही वांटणी कितपत खरी आहे? चिंता आणि विषाद यांनीं ग्रासलेल्या मनाला शरीराच्या हालचालीचा कांहीं आधार मिळतो काय, आणि मिळत असेल तर तो कोणत्या मार्गानें? आज एवढाच विचार करावयाचा आहे.

आपल्या जुन्या ग्रंथकारांना ही वांटणी मान्य नसावी. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचें नांवच अर्जुनविषादयोग. त्यांत अर्जुनाचें दुःख सांगतांना त्याच्या शरीराचें वर्णन पुढें येतें. गात्रें गळालीं, तोंडास कोरड पडली, अंगाला कंप सुटला, हातांतील धनुष्य निसटूं लागलें आणि उभें राहणें अशक्य झालें. आजच्या मानसोपचारतज्ज्ञानें ही यादी वाचली तर त्याला तींत अनोळखी असें कांहीं आढळणार नाहीं. मन खचलें कीं शरीर खचतें, हें त्या काळींही ठाऊक होतें. आपला प्रश्न त्याच्या उलट बाजूचा आहे. शरीर उठलें तर मन उठतें काय?

प्रथम शब्दांचे अर्थ निश्चित करूं. पाऊस लांबला आहे, मुलाचा निकाल लागावयाचा आहे, घरांत कोणी आजारी आहे, अशा वेळीं काळजी वाटणें हा रोग नव्हे. तो माणसाचा धर्म आहे. परंतु कारण नसतांना, किंवा कारणाच्या मानानें फार अधिक, अशी काळजी महिनेच्या महिने मनांत घर करून राहिली, छातींत धडधड होऊं लागली, झोप उडाली आणि नित्याचें काम अडूं लागलें, म्हणजे तिला चिंताविकार म्हणावयाचें. विषादाचेंही तसेंच आहे. आप्ताच्या मृत्यूनें होणारें दुःख निराळें. निदान दोन आठवडे जवळजवळ सारा दिवस मन उदास राहणें, आवडीच्या गोष्टींतील गोडी नाहींशी होणें, भूक आणि झोप बिघडणें, अंगांत त्राण न उरणें, आपण निरुपयोगी आहों असें वाटत राहणें, अशीं लक्षणें एकत्र आलीं म्हणजे वैद्य त्याला विकार समजतात. वृत्तपत्रांतून ज्याला नैराश्य किंवा डिप्रेशन म्हणतात तें हेंच. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेनें २०१५-१६ सालीं देशांतील १२ राज्यांत केलेल्या पाहणींत, सुमारें वीस प्रौढांपैकीं एकाला आयुष्यांत केव्हां तरी हा विकार झाल्याचें दिसून आलें, आणि त्यांतील बहुतेकांना कोणताही उपचार मिळालेला नव्हता. म्हणजे आपल्या आळींत वीस उंबरे असतील, तर हा विषय आपल्या शेजारचाच आहे.

आतां आपल्याच जिल्ह्यांतील एक हकीकत सांगतों. १९३८ सालीं विनोबा भावे यांची प्रकृति अत्यंत ढांसळली होती. वर्ध्याजवळच्या नालवाडीस त्यांचें काम अहोरात्र चालू होतें. वजन उतरतां उतरतां ८८ पौंडांवर, म्हणजे सुमारें ४० किलोंवर आलें. सर्व कामाची काळजी सोडून द्यावी आणि विश्रांति घ्यावी, असा गांधीजींनीं आग्रह धरला. विनोबा दूर कोठें थंड हवेच्या ठिकाणीं गेले नाहींत. धाम नदीच्या कांठीं पवनार येथें जमनालालजी बजाज यांचा बंगला होता, तेथें ते गेले. नदीवरचा पूल ओलांडतांना आपण आश्रमाचा आणि कामाचा सारा भार टाकून दिला आहे, असें त्यांनीं तीन वेळां मनाशीं उच्चारलें. मग त्यांनीं हातांत कुदळ घेतली आणि शेतांत खणावयास आरंभ केला. पहिल्या दिवशीं खणलें तें अवघीं पांच मिनिटें. पुढें थोडीथोडी वाढ करीत तें खणणें दिवसाला दोन तासांपर्यंत गेलें, आणि कांहीं महिन्यांत त्यांचें वजन १२८ पौंड, म्हणजे ५८ किलो झालें. पवनारच्या आश्रमांत आजही पूजिली जाणारी भरत-रामाच्या भेटीची प्राचीन शिल्पमूर्ति त्या खणण्यांतच हातीं लागली.

विनोबांना विषादविकार होता असें मला मुळींच सुचवावयाचें नाहीं. त्यांचा आजार अशक्ततेचा होता, आणि त्यांचा मनोनिग्रह तुम्हांआम्हांला साधणारा नव्हे. तरीही या हकीकतींतील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या मुळाशीं जातात. पहिली ही कीं, काळजी खालीं ठेवण्याचा निश्चय आणि शरीराचें काम हीं दोन्हीं एकाच वेळीं सुरू झालीं. रिकाम्या हातांनीं काळजी खालीं ठेवतां येत नाहीं, ती पुन्हां उचलली जाते. दुसरी गोष्ट त्या पांच मिनिटांची. चाळीस किलो वजनाच्या माणसानें पहिल्याच दिवशीं दोन तास खणावयाचें ठरविलें असतें, तर दुसऱ्या दिवशीं कुदळ कोपऱ्यांत उभी राहिली असती.

ही एका थोर पुरुषाची गोष्ट झाली. सामान्य रुग्णांविषयीं शास्त्राचा अनुभव काय आहे तें आतां पाहूं. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत जेम्स ब्लूमेंथल आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९९ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. विषादविकार असलेल्या, वयाची पन्नाशी गांठलेल्या १५६ स्त्रीपुरुषांचे त्यांनीं तीन गट केले. एकाला औषध दिलें, दुसऱ्याला आठवड्यांतून तीन वेळां देखरेखीखालीं भरभर चालावयास किंवा संथ धांवावयास लावलें, आणि तिसऱ्याला दोन्हीं उपाय दिले. सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गटांत जवळजवळ सारखीच सुधारणा आढळली. औषधाचा गुण मात्र लवकर दिसूं लागला होता. पुढें सहा महिन्यांनीं पुन्हां तपासणी झाली, तेव्हां बरे झालेल्यांपैकीं व्यायामाच्या गटांत विकार उलटण्याचें प्रमाण कमी दिसलें.

एका प्रयोगावर विसंबून राहूं नये, हें खरें. २०२४ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें अशा २१८ प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत १४,१७० रुग्णांचा समावेश होता. चालणें किंवा संथ धांवणें, योगासनें, आणि स्नायूंना ताण देणारे व्यायाम, या तिहींचा गुण त्यांत विशेष दिसून आला. त्यांतील पुष्कळ प्रयोगांत उणिवा होत्या, हेंही त्या लेखकांनीं स्पष्ट नमूद केलें आहे. म्हणून आपणही पारडें फार झुकवूं नये. गुण आहे, आणि तो मध्यम प्रतीचा आहे, इतकें निर्धास्तपणें म्हणतां येतें.

चिंतेविषयीं जर्मनींतील गॉटिंगन येथें झालेला १९९८ सालचा एक प्रयोग बोलका आहे. अकस्मात् भयाचे झटके येणाऱ्या ४६ रुग्णांपैकीं कांहींना दहा आठवडे धांवण्याचा व्यायाम, कांहींना औषध आणि कांहींना नुसती निरुपद्रवी गोळी देण्यांत आली. औषध अधिक लवकर आणि अधिक प्रमाणांत लागू पडलें. परंतु धांवणाऱ्यांनाही नुसत्या गोळीपेक्षां निश्चित अधिक गुण आला.

हा गुण येतो कसा? मेंदूंत अमुक एक रस सुटतो आणि मन आनंदित होतें, असें एका वाक्यांत सांगण्याची हल्लीं रीत आहे. प्रत्यक्षांत अनेक ओढे एकत्र येऊन ही नदी वाहते.

पहिला ओढा भयाचा. चिंताग्रस्त माणसाला छातींतल्या धडधडीचीच धास्ती असते. धडधड झाली कीं आतां कांहीं तरी भयंकर होणार असें त्याला वाटतें, त्या वाटण्यानें धडधड आणखी वाढते, आणि भयाचें चक्र सुरू होतें. भरभर चालणाऱ्या माणसाचीही छाती धडधडते, श्वास वाढतो, घाम येतो. परंतु दहा मिनिटें विसावा घेतला कीं सर्व पूर्ववत् होतें. हें रोज घडलें म्हणजे शरीराची धडधड आणि संकट या दोहोंची मनानें मारलेली गांठ हळूहळू सैल होते. व्याख्यानानें न सुटणारी ती गांठ अनुभवानें सुटते.

दुसरा ओढा विचारांचा. खिन्न मन एकच गोष्ट घाण्याच्या बैलाप्रमाणें फिरून फिरून उगाळतें. रस्त्यावरचे खळगे, समोरून येणारें वाहन, भेटणारा ओळखीचा माणूस यांकडे थोडें तरी लक्ष द्यावें लागतें आणि घाणा घटकाभर थांबतो. तिसरा ओढा झोपेचा. अंग श्रमलें म्हणजे रात्रीची झोप सुधारते, आणि सकाळचें कोंवळें ऊन घेतल्यानें झोपेजागेपणाचें घड्याळ रुळावर येतें. चौथा मेंदूचा, नियमित व्यायामानें मेंदूंतील पेशींच्या वाढीस आणि परस्परसंबंधास पोषक अशीं द्रव्यें वाढतात, असें संशोधकांचें म्हणणें आहे.

पांचवा ओढा मला, शिक्षक या नात्यानें, सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या हातून कांहींच होत नाहीं, असें विषादग्रस्त माणसाचें ठाम मत झालेलें असतें. त्याच्याशीं वाद घालून तें बदलत नाहीं. परंतु कोपऱ्यापर्यंत जाऊन यावयाचें ठरविलें आणि जाऊन आलें, तर त्या मताविरुद्ध एक पुरावा जमा होतो. मन लागलें म्हणजे करीन, असें आपण म्हणत असतों. या विकारांत क्रम उलटा असतो. आधीं थोडें करावें लागतें. मन मागाहून येतें.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो योग्यच आहे. अंगमेहनतीनें मन प्रसन्न होत असेल, तर दिवसभर उन्हांत राबणारा आपला शेतकरी दुःखी कां? कापसाच्या या मुलुखांत शेतकऱ्यांच्या आत्महत्या झाल्या, आणि जुलै २००६ मध्यें केंद्र सरकारनें ज्या सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची मदतयोजना जाहीर केली, त्यांत आपला वर्धा जिल्हाही होता. तीं माणसें व्यायामावांचून खचलीं नव्हतीं. त्यांच्या डोक्यावर कर्ज होतें, आणि भाव व पाऊस दोन्हींही त्यांच्या हातीं नव्हते. ज्याला सावकाराची चिंता आहे त्याला सूर्यनमस्कार घालावयास सांगणें ही क्रूर थट्टा आहे. फुरसतीच्या वेळीं स्वेच्छेनें केलेली हालचाल मनाला हितकर होते. पोटासाठीं करावी लागणारी मेहनत तेवढी हितकर होत नाहीं, असें संशोधनांतही दिसून आलें आहे. विनोबांची कुदळ आणि मजुराची कुदळ लोखंडाची सारखीच. एकीमागें निवड होती, दुसरीमागें निरुपाय असतो. घरांतील स्त्रियांनाही हाच न्याय लावावा. ‘ती दिवसभर राबतेच कीं, तिला वेगळें फिरावयास कशाला हवें?’ असें पुष्कळ घरांतून ऐकूं येतें. तिला अर्धा तास अशासाठीं हवा कीं, तो तिचा स्वतःचा असेल.

आतां माझी एक चूक सांगावयाची आहे. मी नोकरींत असतांना एक तरुण शिक्षक आमच्यांत आले. गणित उत्तम शिकवीत. दुसऱ्या वर्षीं त्यांचें बोलणें कमी झालें, तपासावयाच्या वह्यांचे गठ्ठे सांचूं लागले आणि चेहरा उतरला. मला माझ्या नमस्कारांचा अभिमान. मीं त्यांना सर्वांसमक्ष सांगितलें, ‘‘पहांटे उठून बारा नमस्कार घालीत जा, आठ दिवसांत हें खूळ जाईल.’’ ते हळूच म्हणाले, ‘‘गुरुजी, उठून दांत घांसावयाचेंही बळ येत नाहीं हो.’’ मीं तो आळस समजलों आणि तसें बोलूनही दाखविलें. त्यानंतर ते माझ्याशीं बोलेनासे झाले.

कांहीं महिन्यांनीं त्यांच्या वडील बंधूंनीं त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलें. औषध सुरू झालें, आणि डॉक्टरांनीं त्यांनाही चालावयासच सांगितलें. उपाय तोच होता. परंतु डॉक्टरांनीं त्यांच्या बंधूंना विचारलें होतें, ‘‘याच्या बरोबर कोण जाईल?’’ हा प्रश्न मला सुचला नव्हता. तें समजल्यावर मला फार लाज वाटली. मी त्यांच्या घरीं गेलों, क्षमा मागितली, आणि रोज सायंकाळीं साडेपांचला त्यांच्या दाराशीं जाऊं लागलों. पहिल्या दिवशीं आम्ही रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत गेलों आणि परतलों. दोन दिवस ते आलेच नाहींत. मी ओसरीवर बसून परत आलों. महिन्याभरानें आमची मजल पुढच्या नाक्यापर्यंत गेली. दिवाळीच्या सुमारास एके दिवशीं ते वाटेंत आपण होऊन एका विद्यार्थ्याच्या खोडीची गोष्ट सांगून हंसले. पुढें दोन वर्षांनीं डॉक्टरांनींच औषध कमी करीत थांबविलें. आज ते दुसऱ्या गांवीं शिकवितात आणि सायंकाळचें फिरणें त्यांनीं सोडलेलें नाहीं.

त्या दिवसांत मला गीतेचा तो प्रसंग पुन्हां आठवला. श्रीकृष्णानेंही अर्जुनाला प्रारंभींच ऊठ म्हणून सांगितलें. अर्जुन उठला नाहीं. मग भगवंतांनीं त्याला आळशी ठरवून रथ सोडला काय? अठराव्या अध्यायापर्यंत ते त्याच्याजवळ राहिले. आम्ही उपदेशक मंडळी ‘ऊठ’ एवढाच शब्द पाठ करतों आणि पुढची सोबत विसरतों.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतों. प्रौढ माणसानें आठवड्यांतून एकंदर दीडशें मिनिटें तरी मध्यम गतीचा व्यायाम करावा, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलें आहे. म्हणजे पांच दिवस, रोज अर्धा तास. मध्यम गतीची खूण अशी कीं, चालतां चालतां बोलतां यावें, पण गाणें म्हणतां येऊं नये. हें माप ऐकून कोणी घाबरूं नये. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या, पंधरा पाहण्यांच्या एका आढाव्यांत, एवढें चालणाऱ्यांत न चालणाऱ्यांपेक्षां विषादाचें प्रमाण शेंकडा २५ नें कमी दिसलें, आणि याच्या निम्में चालणाऱ्यांतही तें शेंकडा १८ नें कमी होतें. खचलेला माणूस मुळांतच कमी चालतो, हें ध्यानांत घेऊन हे आंकडे वाचावे. तथापि कांहींच न करण्यापासून थोडें करण्याची जी पायरी आहे तीच मोलाची, असा त्यांचा रोख आहे. म्हणून आरंभ पांच मिनिटांनीं करावा, आणि एक दिवस चुकला तर स्वतःला दोष न देतां दुसऱ्या दिवशीं पुन्हां निघावें.

आपल्याकडे मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. त्या दिवसांत सूर्योदयापूर्वींच फिरून यावें. हृदयविकार, चक्कर किंवा सांधेदुखी असलेल्यांनीं आधीं डॉक्टरांस विचारावें. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसून हातपाय हालविणें, श्वासाचे व्यायाम, सोपीं आसनें यांनींही प्रारंभ होतो. आणि शक्य तोंवर सोबत शोधावी. गांधीजी सेवाग्रामांत सकाळ-सायंकाळ फिरावयास जात तेव्हां आश्रमवासी आणि पाहुणे त्यांच्या बरोबर असत. चालतांना माणसें एकमेकांकडे न पाहतां बोलतात. त्यामुळें अवघड बोलणें सोपें होतें.

शेवटीं एक सावधगिरीची सूचना. सौम्य विकारांत व्यायाम पुष्कळ काम करतो, तीव्र विकारांत तो औषधाचा आणि समुपदेशनाचा सोबती असतो. त्यांची जागा घेत नाहीं. चालूं असलेलें औषध आपल्या मतानें बंद करूं नये. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयांत मानसोपचाराचा विभाग आहे, तेथें जाण्यांत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाण्याहून अधिक संकोच नसावा. घरांतील कोणी जगण्यांत अर्थ नाहीं असें बोलूं लागलें, तर त्याला व्यायाम सांगत बसूं नये. त्याला एकटें सोडूं नये, आणि विनाविलंब डॉक्टरांची मदत घ्यावी. सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनिसेवा २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तेथें अहोरात्र, विनामूल्य आणि मराठींतूनही बोलतां येतें.

श्रोतेहो, आपल्या ओळखीचें कोणी अलीकडे गप्प झालें असेल, तर उद्यां त्याला व्यायामाचे फायदे सांगूं नका. पायांत चपला घालून त्याच्या दाराशीं जा आणि म्हणा, ‘‘चला, त्या खांबापर्यंत जाऊन येऊं.’’ तो आला नाहीं, तर परवां पुन्हां जा.